पूजेला बसलेलं इंजिन

"पहिला बुक्का कुणी मारला?" हवालदारानं विचारलं.

"धाकट्यानं," मी म्हणालो.

"कुठं?"

"नाकावर."

"आणि थोरल्यानं?"

"थोरल्यानं मग त्याच्या कानशिलात दिली, पोटात गुडघा घातला आणि केसांना धरून दोनदा भिंतीवर आपटला. तीनदाही असेल. दुसऱ्या वेळेनंतर क्षणभर मी डोळे मिटले होते."

हवालदारानं 'दोनदा' असं लिहिलं. आम्ही सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकावर बसलो होतो. दुपारचे चार वाजले होते. माझ्या मांडीवर एक न फोडलेला नारळ होता आणि तो तिथं कसा आला हे हवालदारानं अजून विचारलं नव्हतं.

"भांडणाचं कारण?"

"घरगुती."

त्यानं 'घरगुती' लिहून खाली रेघ ओढली आणि माझी सही घेतली. त्या जबाबात एकही शब्द खोटा नव्हता. मी तेव्हा विमा एजंट होतो. एकही शब्द खोटा न बोलता काम कसं भागवायचं, हे आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवत.

सन चौऱ्याहत्तर, गाव कोल्हापूर, दिवस खंडेनवमीचा. खरी सुरुवात मात्र दहा दिवस आधी आंबा घाटात झाली होती.

माझे सासरे रामराव मोहिते, निवृत्त फौजदार. सगळा जिल्हा त्यांना आबासाहेब म्हणे. त्यांच्या हातचा मार खाल्लेली माणसं रस्त्यात भेटली तर वाकून नमस्कार करत. काहींना वाकताना त्रास व्हायचा, तोही आबासाहेबांमुळेच. त्यांची छप्पन सालची मॉरिस गाडी होती आणि ती स्वतःच्या मुलीपेक्षा त्यांना जास्त प्रिय होती. मुलगी त्यांनी मला कायमची दिली, गाडी फक्त दोन महिन्यांसाठी. तीही डोळ्याचं ऑपरेशन झालं म्हणून.

"जयवंतराव," किल्ली देताना ते म्हणाले होते, "दसऱ्याला मी स्वतः चालवत सोनं लुटायला जाणार. तोवर फिरवा. पाण्याकडं लक्ष ठेवा. गाडीला काही झालं, तर तुम्हाला काही होईल."

मी सगळ्याकडं लक्ष ठेवलं. काचा पुसल्या, हॉर्न वाजवून बघितला, मागच्या सीटवर पांढरी चादर घातली. रेडिएटरमधलं पाणी बघायचं तेवढं राहिलं. आंबा घाटात अर्ध्या चढाला इंजिनानं कुणीतरी गळा दाबल्यासारखा आवाज केला आणि ते जाम झालं. मागच्या सीटवर बसलेला माझा ग्राहक विमा न घेताच खाली उतरला आणि चालत परत गेला. गाडी एका ट्रकला बांधून मी कोल्हापुरात आणली. चौकशी केली तर उद्यमनगरातला प्रत्येक जण एकच नाव सांगत होता : धोंडीराम लोहार मिस्त्री.

मिस्त्रींच्या शेडवर पाटी होती. तिच्यावर फक्त 'लोहार आणि' एवढंच लिहिलेलं होतं. शेजारच्या दारावर दुसरी पाटी होती, 'बंधू'. एकच पाटी करवतीनं मधोमध कापलेली होती. आतल्या शेडमध्येही मधोमध विटांची भिंत उभी होती. चार वर्षांपूर्वी बाप वारला तेव्हा वाटणी झाली. सिलिंडर घासायचं बोरिंग मशिन थोरल्याला, क्रँक घासायचं ग्राइंडर धाकट्याला, आणि थोरल्याचा अर्धा डावा कान धाकट्याच्या दातांत. धाकट्याचं नाक त्याच दिवशी उजवीकडं वळलं, ते पुन्हा सरळ झालं नाही. आई, म्हणजे आक्का, एक महिना इकडं जेवे, एक महिना तिकडं.

"किती खर्च येईल?" मी विचारलं.

धोंडीराम मिस्त्रींनी इंजिनावर हात ठेवला. पन्नाशीला टेकलेले दिसत, पण छत्तिशीचेच असतील. मान बैलासारखी. "उघडल्याबिगर सांगता येत न्हाई."

"अंदाजे?"

"अंदाज ज्योतिषी सांगत्यात. आमी उघडून सांगतो."

उघडलं. पहिल्या दिवशी नुसत्या रिंगा गेल्या होत्या, सव्वाशे रुपये. दुसऱ्या दिवशी कळलं की पिस्टनही गेलेत. तिसऱ्या दिवशी सिलिंडरवर ओरखडे सापडले, म्हणजे ते घासून मोठे करायचे आणि त्यात मोठे पिस्टन घालायचे. मी रोज सकाळी जाई आणि मिस्त्री मला रोज एक नवा भाग काळ्या हातात धरून दाखवत. गुन्हेगाराच्या बापाला मुलाचे एकेक गुन्हे दाखवावेत तसे. चौथ्या दिवशी त्यांनी क्रँकशाफ्ट बाहेर काढला. सगळं इंजिन ज्याच्यावर फिरतं तो हा वेडावाकडा दांडा.

"ह्योबी खाल्लाय. घासून घ्यावा लागंल. दहा थाउ."

"म्हणजे?"

"डोक्यावरचा केस तीन थाउ भरतो. आता समजा."

"मग घासा की."

"त्ये मशिन माझ्याकडं न्हाई."

"कुणाकडं आहे?"

मिस्त्रींनी तंबाखूची पिंक मधल्या भिंतीवर टाकली. भिंतीचा तेवढा भाग लालच होता. "पुण्यात हाय. पंधरा दीस लागतील."

भिंतीपलीकडून ग्राइंडरचा एकसुरी घूं घूं आवाज येत होता.

"हा आवाज कसला मिस्त्री?"

"कुठला आवाज?" मिस्त्री म्हणाले.

दसऱ्याला सहा दिवस होते. काल संध्याकाळीच आबासाहेब डोळ्यावर हिरवी पट्टी लावून घरी येऊन गेले होते. "गाडी कुठाय?" "पूजेसाठी चकाचक करायला दिलीय," मी म्हणालो. "खंडेनवमीला दुपारी येऊन बघतो," ते म्हणाले, आणि जाता जाता माझ्या खांद्यावर प्रेमानं हात ठेवला. तो खांदा अजून दुखत होता.

"सांगलीत माझा एक ग्राहक आहे," मी मिस्त्रींना म्हणालो. "त्याच्याकडून करून आणतो." आणि क्रँक पोत्यात गुंडाळून खांद्यावर घेतला. दुखऱ्या खांद्यावर. मिस्त्रींच्या दारातून बाहेर पडलो, चहाच्या गाड्याला वळसा घातला आणि शेजारच्या 'बंधू' पाटीखालून आत शिरलो. सांगली इतकी जवळ कधीच नव्हती.

येसबा लोहार थोरल्यापेक्षा आठ वर्षांनी लहान. थोरल्याची मान होती तशी याची मनगटं. त्यानं पोतं सोडलं, क्रँक उजेडात धरला आणि एकदम थांबला. मिस्त्री लोक इंजिन खोलताना कुठला भाग कुठं बसतो ते विसरू नये म्हणून त्यावर टोच्यानं ठिपके मारतात. या क्रँकवर चार ठिपके होते, चारही जरासे डावीकडं कलते.

"हे आमच्या बाचं ठिपकं," येसबा म्हणाला. "बा डावखोरा हुता. त्यो गेल्यावर असं ठिपकं एकच माणूस मारतो." त्यानं माझ्याकडं पाहिलं. "दादानं पाठवलं?"

'नाही' म्हटलं असतं तर क्रँक रस्त्यावर आला असता आणि त्याच्या मागोमाग मी.

"होय," मी म्हणालो.

"काय म्हणाला?"

नुसत्या 'होय'वर थांबलो असतो तर पुढचं काहीच झालं नसतं. पण विमा एजंटला 'होय'वर थांबता येत नाही. "म्हणाला, हे काम अख्ख्या कोल्हापुरात एकाच माणसाचं आहे."

येसबानं पाठ फिरवली. हातातल्या सुताच्या बोळ्यानं वाकडं नाक पुसलं आणि सगळं तोंड काळं करून घेतलं. "चार वरसं," तो भिंतीला म्हणाला. "चार वरसं लागली व्हय रं तुला?" मग त्यानं मशिनवर चालू असलेलं कुणाचं तरी काम काढून बाजूला ठेवलं आणि माझा क्रँक चढवला. दोन दिवसांनी आणायला गेलो तर तो आरशासारखा चमकत होता. मी पाकीट काढलं.

"ठेवा त्ये आत. दादाच्या कामाचं पैसं घिऊ व्हय? माझा एक निरोप द्या त्याला. म्हणावं, खंडेनवमीला आक्काला घिऊन येतो. नारळ मीच आणतो. बा हुता तवा पूजेचा नारळ मीच फोडत हुतो."

"सांगतो," मी म्हणालो.

चहाच्या गाड्याला उलटा वळसा घालून मी सांगलीहून परत आलो. धोंडीराम मिस्त्रींनी बापाचा मायक्रोमीटर डबीतून काढला, पुसला आणि क्रँक चार ठिकाणी मोजला. मग पुन्हा मोजला. मग अंगठ्याचं नख त्यावरून हळू फिरवलं.

"कुठं केलं म्हणालासा?"

"सांगलीत."

"अर्ध्या थाउचा फरक न्हाई. असा हात मी एकच बघितलाय."

"कुणाचा?"

"मेला त्यो," मिस्त्री म्हणाले. भिंतीपलीकडं ग्राइंडर घूं घूं करत होता. त्यांनी डबी बंद केली. "त्या सांगलीवाल्याला भेटलासा तर सांगा, धोंडीराम लोहारानं नावाजलं म्हणून. मी कुणाला नावाजत न्हाई."

"सांगतो," मी म्हणालो.

माझ्या एका खिशात एका भावाचा निरोप होता, दुसऱ्या खिशात दुसऱ्याचा. मधे नऊ इंचांची भिंत. त्या क्षणी तोंड उघडलं असतं तर... पण हिशेब साधा होता. तोंड उघडलं तर आरडाओरडा होणार, आरडाओरडा झाला तर काम थांबणार, आणि काम थांबलं तर दसऱ्याला आबासाहेब मला लुटून सोनं म्हणून वाटणार. दोन्ही निरोप दसऱ्यानंतर देऊ, असं मी ठरवलं. विम्यातही आम्ही वाईट बातमी हप्ता भरून घेतल्यावरच देत असू.

खंडेनवमीच्या सकाळी इंजिन जोडून तयार झालं. गाडीत बसवायचं तेवढं राहिलं होतं.

"आता हुईल त्ये उद्या," मिस्त्री म्हणाले. "पूजेची वेळ झाली."

"अर्ध्या तासाचं तर काम आहे, मिस्त्री."

"पूजेला बसलेलं हत्यार दसऱ्याच्या सकाळपातूर उठत न्हाई. बाचा नेम हाय. एका साली एकानं पाना उचललेला, दिवाळीच्या आत त्याचं बोट गेलं."

"मग निदान टांगून तरी ठेवा. माझे सासरे दुपारी बघायला येणार. गाडीसमोर टांगलेलं दिसलं की त्यांना धीर येईल."

मिस्त्री नको म्हणत होते. खाली फळीवरच असू दे, म्हणत होते. मी फार गळ घातली. शेवटी त्यांनी इंजिनाला दोर बांधला, छताच्या साखळीच्या हुकात अडकवला आणि गुडघाभर उंच उचलून गाडीच्या तोंडापुढं टांगून ठेवलं. मग अंघोळ करून आले आणि पूजा मांडली.

देखणी पूजा होती. धुतलेल्या पोत्यावर हातोडे, छिन्न्या, पाने उंचीप्रमाणे ओळीनं मांडलेले. प्रत्येकाला हळदीकुंकवाचं बोट आणि एक झेंडूचं फूल. भिंतीला टेकून पहार. बोरिंग मशिनला हार, साखळीला हार, आणि मधोमध आमचं इंजिन, कपाळावर कुंकू लावून, गळ्यात हार घालून, सत्काराला उभ्या केलेल्या सभापतीसारखं लोंबकळत होतं. तिघं कामगार हात जोडून उभे होते. मीही जोडले.

तेवढ्यात दारात येसबा आला. अंगावर इस्त्रीचा सदरा, कपाळाला गंध, एका हातात नारळ, दुसऱ्या हातानं आक्काला धरलेलं. चार वर्षांत तो उंबरा तो पहिल्यांदा ओलांडत होता, आणि ओलांडताना खाली वाकून त्याला हात लावून त्यानं तो हात कपाळाला लावला.

धोंडीराम मिस्त्रींच्या हातातली उदबत्ती तशीच राहिली.

"कुणी बोलावलं तुला?"

"तूच की, दादा," येसबा हसत म्हणाला.

"मी? मी रस्त्यावरचं कुत्रं बोलवीन. तुला बोलवीन व्हय?"

येसबाचं हसू जागच्या जागी राहिलं. त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी झेंडूच्या फुलांकडं पाहिलं. कामगार खाली बघत होते. आक्का एकदा या मुलाकडं, एकदा त्या मुलाकडं बघत होती.

"इमेवाले," येसबा शांतपणे म्हणाला, "धरा ह्यो नारळ." मी धरला. मग त्यानं सदऱ्याच्या बाह्या दुमडल्या आणि थोरल्याच्या नाकावर बुक्का मारला.

यापुढचं हवालदाराला सांगितलं तेवढं खरं, पण फार थोडं. धोंडीराम मिस्त्री दोन पावलं मागं गेले ते उदबत्ती खाली ठेवायला. उदबत्ती नीट खोचली आणि मग परत आले. कानशिलात दिलेल्या त्या एका फटक्यानं येसबा अर्धा फिरला. मग गुडघा. मग भिंत. नेमकी तीच, मधली भिंत. येसबानं डोकं खाली घालून थोरल्याच्या बरगड्यांत धडक दिली आणि दोघंही बोरिंग मशिनवर जाऊन पडले. हार तुटला. येसबानं उरलेला उजवा कान शोधायला सुरुवात केली. थोरल्यानं त्याचं बोट धरून मागं मोडलं, आणि ती बारीक 'कट्' मला नारळासकट ऐकू आली.

माझ्याकडं तेव्हा एक छापील कोष्टक असे. अपघातात कुठला अवयव गेला की किती टक्के. अंगठा, तर्जनी, एक डोळा, एक कान. त्या पाच मिनिटांत मी मनातल्या मनात ते दोनदा संपूर्ण वाचलं. दोघांपैकी एकाचाही विमा नव्हता.

नवल म्हणजे आक्का 'भांडू नका' असं एकदाही म्हणाली नाही. ती भिंतीला पाठ लावून एकच ओरडत होती, "हत्याराला हात लावू नगा! देव बसल्यात! हत्याराला हात लावू नगा!"

आणि त्यांनी खरंच लावला नाही. थोरल्याचा हात दोनदा पाच शेरी हातोड्यापर्यंत गेला. कुंकू दिसलं की माघारी आला. येसबा एकदा पहारीपाशी पोचला, तिला फूल होतं, म्हणून त्यानं तिला वळसा घातला आणि पुन्हा नुसत्या हातांनी भावाचा गळा धरला. दुसऱ्या कुठल्याही दिवशी त्या शेडमधून एक जण खांद्यावरूनच बाहेर गेला असता. त्या दिवशी सगळं काम हातानं करावं लागलं, म्हणून वेळ लागला.

मग थोरल्यानं गळा सोडवून घेतला आणि धाकट्याला छातीवर दोन्ही पंजे लावून ढकललं. तो पाठीनं जाऊन टांगलेल्या इंजिनावर आदळला. इंजिन झोका घेऊन मागं गेलं. येसबा घसरून खाली बसला, पाय पुढं पसरून. इंजिन झोका घेऊन पुढं आलं, दोराचा फास हुकावरून निसटला, आणि साडेतीन मण लोखंड, हार-कुंकवासकट, त्याच्या उजव्या नडगीवर उतरलं.

ओली फांदी मोडावी तसा आवाज झाला. येसबा ओरडला नाही. नुसतं तोंड उघडून बघत राहिला.

कामगार धावले. नवं तेल लावलेलं इंजिन. कुठं धरायला जागा नाही. मिस्त्रींसकट चौघांनी जोर लावला तर ते बोटभर उचललं आणि हात घसरून पुन्हा तिथंच बसलं. आता मात्र येसबा ओरडला. पहार हवी होती. पहार भिंतीला टेकून होती, फुलासकट.

धोंडीराम मिस्त्री तिच्यापाशी गेले आणि थांबले. हात तिच्यावर वीतभर अंतरावर थांबला. नाकातून रक्त गळत होतं. त्यांनी आईकडं पाहिलं.

"बघतोस काय मुडद्या? उचल!"

"आक्का, बाचा नेम..."

"बा मेला! ह्यो जित्ता हाय! उचल!"

मिस्त्रींनी पहार उचलली. झेंडूचं फूल खाली पडलं आणि त्यांच्याच पायाखाली चिरडलं. एका दाबात इंजिन बाजूला कलंडलं, फरशीवर पडलं, आणि त्याच्या पोटाला वरपासून खालपर्यंत तडा गेला. मिस्त्रींनी तिकडं बघितलंही नाही. पहार टाकली, भावाच्या बगलेत हात घालून त्याला ओढून काढलं, भिंतीला नीट टेकवून बसवलं, आणि मग त्याच्या थोबाडीत आणखी एक दिली. "रिक्षा बोलवा!" हे त्यानंतर.

असा मी दवाखान्यात आलो. हवालदार जबाब घेऊन गेला तेव्हा मला सरळ घरी जाता आलं असतं. पण हातात नारळ होता. दुसऱ्याचा नारळ घेऊन घरी कसं जायचं, म्हणून मी वॉर्डात गेलो.

येसबाचा पाय प्लास्टरमध्ये वर टांगलेला होता. शेजारी स्टुलावर दोन्ही नाकपुड्यांत कापूस घालून थोरला बसला होता. दोघं हळू आवाजात बोलत होते. मला बघून थांबले.

"या, इमेवाले," थोरला म्हणाला. इतका गोड आवाज मी त्याचा कधी ऐकला नव्हता. "त्या सांगलीवाल्याचं नाव काय म्हणालासा?"

"आणि दादा मला काय म्हणाला म्हणालासा?" धाकटा म्हणाला.

"आक्का," थोरला म्हणाला, "दार लोट."

आक्कानं दार लोटलं आणि पाठ लावून उभी राहिली.

"पण मिस्त्री," मी मागं सरकत म्हणालो, "क्रँक मोजताना तुम्ही स्वतःच म्हणाला होतात ना, की..."

थोरल्याचा पंजा माझ्या तोंडावर बसला. वाक्य आतच राहिलं. मग थोरल्यानं धरलं आणि धाकट्यानं मारलं. पाय टांगलेला असल्यामुळं त्याला उठता येत नव्हतं, म्हणून थोरला मला त्याच्या हाताच्या टप्प्यात धरत होता आणि एका बाजूचं झालं की वळवत होता. शेजारचा पेशंट नीट दिसावं म्हणून सलाइनची बाटली हातात घेऊन उठून बसला. लोहार बंधूंनी चार वर्षांत मिळून केलेलं पहिलं काम म्हणजे मी. काम चोख झालं. अर्ध्या थाउचा फरक नव्हता. डाव्या बाजूचे दोन दात गेले. कोष्टकात दात नव्हते.

दुसऱ्या दिवशी दसरा. आबासाहेब सकाळीच घरी आले. आदल्या दुपारी ते शेडवर जाऊन फुटलेलं इंजिन बघून आले होते. मी अंथरुणावर होतो. तोंड सुजलेलं असताना आडवळणानं बोलता येत नाही. मी सगळं सरळ सांगून टाकलं. त्यांनी पट्टी वर करून माझं तोंड दोन्ही डोळ्यांनी नीट तपासलं, पूर्वी मुडदे तपासत तसं.

"मी तुम्हाला मारणार होतो, जयवंतराव," ते म्हणाले. "पण जागा शिल्लक नाही." आणि रिक्षानं सोनं लुटायला गेले.

त्याच दिवशी धोंडीराम मिस्त्रींनी मधली भिंत पाडली. पहार नाही तरी उठलीच होती. कापलेली पाटी लोखंडी पट्टी ठोकून जोडली. पट्टी 'आणि'च्या पुढंच आली. दुसरं इंजिन दिवाळीला तयार झालं. किती खर्च आला, ते मी बायकोला आजपर्यंत सांगितलेलं नाही. येसबाचा पाय जुळला, पण बोटभर आखूड जुळला. अठ्ठाविसाव्या वर्षी तो जो लंगडायला लागला तो कायमचा. माझ्या कोष्टकात सबंध पाय गेला तर दर होता. बोटभर गेलेल्या पायाला दर नव्हता.

त्यानंतर दर खंडेनवमीला त्यांचा कुणीतरी माणूस येऊन फोडलेल्या नारळाची अर्धी वाटी देऊन जातो. पहिली काही वर्षं मी विचारायचो, "काही निरोप?" तो म्हणायचा, "न्हाई. तुमच्याकडं निरोप द्यायचा न्हाई, असं सांगितलंय." मग मी विचारायचं सोडलं.

यंदा येसबा स्वतः आला. काठी टेकत, तीन जिने चढून. धोंडीराम मिस्त्री उन्हाळ्यात गेले होते. पाणी प्याला, वाटी टेबलावर ठेवली, जायला उठला.

"येसबा, थांब. तुझ्यासाठी एक निरोप आहे. दादाचा."

तो थांबला.

"बेचाळीस वर्षं माझ्याकडं आहे. त्यांनी तुझा क्रँक मोजला होता, दोनदा. कुणी केला ते त्यांना ठाऊक नव्हतं. म्हणाले, असा हात मी एकच बघितलाय. म्हणाले, त्याला सांगा, धोंडीराम लोहारानं नावाजलं."

येसबानं माझ्या तोंडाकडं बघितलं. डोळ्यांत काहीतरी हललंही. मग वाकड्या नाकाखाली हसू आलं.

"इमेवाले, वय झालं की हो आता तुमचं," तो म्हणाला. "आता तरी खोटं बोलू नगा. दादा कुणाला नावाजत नव्हता."

आणि काठी वाजवत खाली गेला.

वाटीतलं खोबरं ताजं होतं. मला ते उजव्या बाजूनंच चावावं लागतं.